घट घरात, लेक वाटेवर

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घरोघरी घट बसतात. काळ्या मातीच्या थरात धान्य पेरले जाते, त्यावर कलशाची स्थापना होते, नंदादीप उजळतो, आणि नऊ दिवस तो विझू नये म्हणून घरातील वडीलधारी माणसे रात्री-अपरात्री उठून वात पुढे सारतात. कल्याणची भाविक मंडळी पहाटेच्या काळोखातच दुर्गाडी किल्ल्याची वाट धरतात. ठाण्यात टेंभीनाक्यावर १९७८ पासून चालत आलेल्या उत्सवात दुर्गेश्वरीच्या दर्शनासाठी रांगा लागतात. ओटीचे खण, नारळ, झेंडूच्या माळा, आरतीचा गजर, असे सारे वातावरण मंगल होऊन जाते.

त्याच पहाटे आणखी एक रांग आमच्या दृष्टीस पडते. ठाकुर्ली, डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा या स्थानकांवर फलाटाच्या एका ठरावीक जागी आमच्या लेकी-सुना उभ्या असतात. कोणी महाविद्यालयात निघालेली, कोणी रुग्णालयातील पाळीवर, कोणी बँकेत, कोणी दुकानात. नवरात्राच्या दिवसांत त्यांच्या अंगावर त्या त्या दिवसाच्या रंगाची साडी असते, बायकांच्या डब्यात भोंडल्याची गाणी होतात, आणि दसऱ्याच्या सुमारास डब्याला तोरण बांधून त्याचीही पूजा केली जाते. ज्या साधनावर आपला संसार चालतो, त्याला आयुध मानून हात जोडावेत, ही आपली जुनीच रीत या मुलींनी लोकलच्या डब्यापर्यंत नेली आहे.

आणि घरी? देवापुढे सांजवात लावून झाली की आईचे डोळे घड्याळाकडे लागतात. 'दिव्याला आले' एवढा निरोप आला की तिचा जीव भांड्यात पडतो. तो यायला दहा मिनिटे उशीर झाला की आरतीतले शब्द अडखळतात. घरात आदिशक्तीची स्थापना केलेल्या माऊलीला आपल्या लेकीच्या वाटेची एवढी धास्ती का वाटावी, आणि त्या धास्तीवर आपण जो उपाय करतो तो खरा उपाय आहे काय, या प्रश्नांचा विचार नवरात्राइतक्या योग्य वेळी दुसऱ्या कधी करायचा? म्हणून आजच्या या पुरवणीत तो विषय आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत.

एकटी देवी आणि असुरांचा तर्क

नवरात्रात अनेक घरांत सप्तशतीचा पाठ होतो. मार्कंडेय पुराणातील या तेरा अध्यायांत महिषासुरवधाची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु पाचव्या अध्यायापासून पुढे येणाऱ्या प्रसंगाकडे आपले तितकेसे लक्ष जात नाही. हिमालयावर देवी एकटीच आहे. शुंभाचे सेवक चंड आणि मुंड तिला पाहतात आणि धन्याला जाऊन तिच्या रूपाचे वर्णन सांगतात. शुंभ दूत पाठवतो. त्रैलोक्यातील सारी रत्ने माझ्याकडे आहेत, तेव्हा हे स्त्रीरत्नही माझ्याकडेच आले पाहिजे, असा त्याचा निरोप असतो. देवी तो निरोप नाकारते, तेव्हा तो धूम्रलोचनाला आज्ञा करतो, की तिचे केस धरून तिला फरफटत घेऊन ये.

एकटी स्त्री दिसली की ती कोणाच्या तरी मालकीची व्हायलाच हवी, तिने नकार दिला की तो आपला अपमान, आणि अपमानाचे उत्तर बळजोरीने द्यायचे, ही असुरांची विचारसरणी पुराणकारांनी किती नेमकी टिपली आहे! आज रेल्वेच्या पुलावर, रिक्षाच्या थांब्यावर, कॉलेजच्या वाटेवर मुलींना जे सोसावे लागते, त्याच्या मुळाशी नेमका हाच तर्क असतो.

पण आमच्या मनात भरते ते निराळेच. त्या साऱ्या कथेत, देवी हिमालयावर एकटी कशाला गेली होती, असा प्रश्न कोणीही विचारीत नाही. ऋषी विचारीत नाहीत, देव विचारीत नाहीत, आणि शतकानुशतके पाठ करणारे आपणही विचारलेला नाही. दोष कोणाचा, याविषयी कोणाच्याही मनात शंका उद्भवत नाही. मग तोच प्रश्न आपल्या घरच्या मुलीला मात्र आपण इतक्या सहजपणे का विचारतो?

कल्याणच्या मातीतल्या तीन आठवणी

स्त्रीच्या प्रवासाची कथा कल्याणला नवी नाही. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची कथा महाराष्ट्रातील प्रत्येक मूल आजीच्या मांडीवर ऐकते. १६५७ च्या सुमारास कल्याण स्वराज्यात आले, त्या वेळी सुभेदाराची सून शिवछत्रपतींपुढे आणली गेली आणि महाराजांनी साडीचोळी देऊन तिची सन्मानाने घरी रवानगी केली, अशी ती कथा. तिला समकालीन कागदपत्रांचा आधार मिळत नाही, असे इतिहासकार सांगतात. तो त्यांचा अधिकार आम्हांला मान्य आहे. परंतु लोकांनी ती पिढ्यान् पिढ्या जपली, यालाही अर्थ आहे. परक्याची, आणि तीही शत्रूची स्त्री, निर्भयपणे आपल्या घरी पोहोचली पाहिजे, ही राजधर्माची कसोटी आहे असे या समाजाला मनोमन वाटत आले आहे.

दुसरी आठवण कल्याणची नाही. पण पहिलीला ती कागदाचा आधार देते. स्त्रीशी बदअंमल केल्याबद्दल रांझे गावच्या पाटलाचे हातपाय तोडण्याची शिक्षा शिवरायांनी दिली, त्याविषयीचे १६४६ मधील पत्र उपलब्ध आहे. अपराधी गावचा पाटील होता; तरीही तिथे अधिकार आड आला नाही आणि प्रतिष्ठाही आड आली नाही. शिक्षेचा प्रकार त्या काळाचा होता. अपराध कोणाचा हे ओळखण्याची दृष्टी मात्र सर्वकाळाची आहे.

तिसरी आठवण पूर्णपणे इतिहासातील आणि पूर्णपणे कल्याणची. आनंदीबाई जोशी यांचे बालपण कल्याणात गेले. त्यांचा विवाहही इथेच झाला. १८६५ साली जन्मलेली ही मुलगी पुढे वैद्यकीची पदवी मिळवणारी पहिली हिंदू महिला डॉक्टर म्हणून ख्याती पावली, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्या पदवीपर्यंतच्या वाटेवर तिला काय सोसावे लागले, ते सांगायला विसरतो. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथे केलेल्या भाषणात तिने ते स्वतःच सांगितले. मुंबईत हातात पुस्तके घेऊन शाळेत जाताना लोक खिडक्यांतून डोकावून पाहत, गाड्या थांबवून पाहत, तिला ऐकू जाईल अशा बेताने टवाळी करीत. ओसरीवर बसलेल्या संभावितांची मजल तर तिच्यावर खडे मारण्यापर्यंत गेली. त्यानंतर जेमतेम सहा आठवड्यांनी, ७ एप्रिल १८८३ रोजी, अठरा वर्षांची आनंदीबाई कलकत्त्याहून जहाजात बसली. काही मिशनरी स्त्रिया त्या जहाजावर होत्या. घरचे मात्र कोणीही सोबत नव्हते. ४ जून रोजी ती अमेरिकेच्या किनाऱ्याला लागली. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे तिने जाण्यापूर्वी जाहीर केले होते आणि ते अक्षरशः पाळले. ११ मार्च १८८६ रोजी तिला फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाली.

आनंदीबाईंनी खडे सोसले याहूनही त्यांनी ते भर सभेत बोलून दाखवले, याचे आम्हांला अधिक मोल वाटते. जे घडले त्याची लाज खडे मारणाऱ्यांना वाटली पाहिजे, हे सतरा वर्षांच्या त्या मुलीला कळले होते.

सोबत आणि वेळ

बोरीबंदर ते ठाणे ही रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, ती कल्याणपर्यंत आली. आज या मार्गावरच आमच्या असंख्य मुलींचे शिक्षण आणि चरितार्थ अवलंबून आहे. त्यांच्या काळजीपोटी घराघरांतून दोन नियम केले जातात. एकटी जाऊ नकोस, हा पहिला. आणि दिवेलागणीच्या आत घरी ये, हा दुसरा. त्यामागील माया आम्ही जाणतो. परंतु आपल्याच परिसरात घडलेले प्रसंग जरा शांतपणे तपासून पाहावेत.

डिसेंबर २०१२ मध्ये डोंबिवलीत एका तरुणीची छेड काढली गेली, तेव्हा तिचा मित्र तिच्याबरोबर होता. त्याने टोळक्याला हटकले. त्या एकोणीस वर्षांच्या मुलाला भोसकून ठार मारण्यात आले. त्याच महिन्यात दिल्लीला जे घडले आणि ज्याने सारा देश हादरला, तिथेही ती मुलगी एकटी नव्हती. ८ ऑक्टोबर २०२१ रोजी, म्हणजे ऐन नवरात्रात, लखनौहून मुंबईकडे येणाऱ्या पुष्पक एक्सप्रेसमध्ये इगतपुरी आणि कसारा यांच्या दरम्यान दरोडेखोरांनी प्रवाशांना लुटले आणि एका तरुण विवाहितेवर अत्याचार केला. तिचा पती त्याच डब्यात होता. आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ठाणे स्थानकाजवळ एका महाविद्यालयीन मुलीने शेरेबाजी करणाऱ्या रिक्षाचालकाला जाब विचारला, तेव्हा त्याने तिला रिक्षाबरोबर फरफटत नेले. ती वेळ रात्रीची नव्हती. मुलगी सकाळी कॉलेजला निघाली होती.

तेव्हा सोबत असली म्हणजे सारे ठीक, किंवा उजेड असला म्हणजे सारे ठीक, असे म्हणता येत नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये ठाण्यात संगणक क्षेत्रात नोकरी करणाऱ्या एका तरुणीने, रिक्षा भलत्या वाटेने चालली आहे असे पाहून, भीतीने धावत्या रिक्षातून उडी घेतली. तिच्या डोक्याला जबर मार बसला आणि ती कित्येक दिवस बेशुद्ध होती. डिसेंबर २०१९ मध्ये डोंबिवली-कोपर दरम्यान बावीस वर्षांची एक मुलगी गर्दीमुळे लोकलच्या दारातून पडून मरण पावली. तिला कोणी छळले नव्हते. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती, एवढेच. या मुलींपैकी कोणाचीही चूक कोणाला दाखवता येईल काय? त्या आपापल्या कामाला निघाल्या होत्या. वाट असुरक्षित होती.

आमच्याच घरातील एक चूक

इथे आम्ही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ती सांगताना संकोच वाटतो. परंतु देवीपुढे बसून लिहायचे तर खरे तेच लिहावे.

काही वर्षांपूर्वी आमची पुतणी डोंबिवलीहून ठाण्याला शिकायला जात असे. एका रात्री जेवताना ती म्हणाली, "काका, चार दिवस झाले, एक माणूस पुलापासून रिक्षाच्या रांगेपर्यंत माझ्या मागोमाग येतो." हातातला घास तसाच राहिला. त्यानंतर आमच्या तोंडून जे पहिले वाक्य निघाले ते असे, "पण तू त्या पुलावरून येतेसच कशाला?" तिचे वडील म्हणाले, "उद्यापासून संध्याकाळचा क्लास बंद." आजी म्हणाल्या, "मुलीच्या जातीने जरा खाली मान घालून चालावे." पोर काही बोलली नाही. ताट उचलून आत गेली.

क्लास पुढे चालू राहिला, कारण तिने हट्ट धरला. मात्र त्यानंतर दोन वर्षांत तिने असे काहीही घरी सांगितले नाही. आम्ही समजलो की सारे सुरळीत चालले आहे. पुढे तिच्या एका मैत्रिणीकडून सहज कळले, की ती कित्येक महिने लांबच्या पुलाने वळसा घालून येत होती, ओळखीची बाई दिसेपर्यंत फलाटावर थांबत होती, आणि घरी मात्र गाडी उशिरा आली म्हणून सांगत होती. तिच्यावरील संकट आमच्या त्या रात्रीच्या बोलण्याने तिळमात्र कमी झाले नव्हते. फक्त आम्हांला ते कळायचे बंद झाले होते.

आम्ही तेव्हापासून अनेक घरांतून विचारून पाहिले आहे. मुली सांगत नाहीत, कारण सांगितले तर शिक्षण थांबेल, नोकरी सुटेल, लग्नाची घाई होईल, अशी त्यांना भीती वाटते. मागे लागणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. मुलगी घरी बोलणार नाही, या भरवशावरच त्याचे धाडस वाढते. म्हणजे आपली माया आपल्याच नकळत त्याच्या पथ्यावर पडते. आमच्या मते साऱ्या प्रश्नाची गाठ इथे आहे. ती सोडवण्यासाठी सरकार लागत नाही, पैसा लागत नाही. ती आपल्या स्वयंपाकघरात, जेवणाच्या पानावर सुटू शकते.

प्रत्येकाने आपले आयुध द्यावे

सप्तशतीच्या दुसऱ्या अध्यायात देवीच्या प्रकट होण्याचे वर्णन आहे. सर्व देवांचे तेज एकवटले आणि त्यातून ती साकारली. मग शंकरांनी त्रिशूळ दिला, विष्णूंनी चक्र दिले, इंद्राने वज्र दिले, हिमालयाने वाहन म्हणून सिंह दिला. ज्याच्यापाशी जे होते ते त्याने तिच्या स्वाधीन केले. ती बाहेर पडू नये म्हणून दार लावून घेण्याचे एकाही देवाला सुचले नाही. आपणही याच मार्गाने जावे, असे आम्हांला वाटते.

आईवडिलांचे आयुध म्हणजे विश्वास. ती काही सांगू लागली की आधी पूर्ण ऐकून घ्यावे; "तू तिथे कशाला गेलीस" हे वाक्य घरातून कायमचे हद्दपार करावे; आणि जे सांगशील त्यामुळे तुझे शिक्षण किंवा नोकरी बंद होणार नाही, असे वचन देवीसमोर द्यावे. मुलांचे कान उपटण्याचे कामही घरानेच करायचे आहे. पुलावर उभा राहून शेरे मारणारा मुलगा कोणत्या तरी घरातूनच आलेला असतो, आणि त्या घरातही बहुधा घट बसलेला असतो.

कायद्याचे आयुध आज पुष्कळ धारदार झाले आहे. ते वापरायला मात्र शिकले पाहिजे. दिल्लीच्या घटनेनंतर २०१३ मध्ये स्त्रीचा पाठलाग करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात तो आहे, तर अश्लील शब्द वा हावभाव करून स्त्रीची अप्रतिष्ठा करणे ७९ व्या कलमाखाली येते. घटना कोणत्याही हद्दीत घडलेली असो, तक्रार कोणत्याही पोलिस ठाण्यात नोंदवता येते. "आमच्या हद्दीतले नाही" म्हणून परत पाठवता येत नाही. अशा गुन्ह्यांत मुलीची माहिती स्त्री अधिकाऱ्याने लिहून घ्यावी, अशी तरतूद आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्यानुसार स्त्रियांसाठी राखीव असलेल्या डब्यात पुरुषाने शिरणे हा गुन्हा आहे. त्याच कायद्यात आणखी एक माणुसकीची तरतूद आहे, ती फारच थोड्यांना माहीत असते. एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रीजवळ तिकीट नसले तरी तिला रात्रीच्या वेळी वाटेतल्या भलत्याच स्थानकावर उतरवून देता येत नाही. संकटसमयी ११२, रेल्वेत १३९, आणि लोहमार्ग पोलिसांसाठी १५१२, हे तीन क्रमांक देवघराजवळच्या भिंतीवर लिहून ठेवले तर त्यात देवघराचा मान कमी होणार नाही.

शेजाऱ्यांचे आणि सहप्रवाशांचे आयुध म्हणजे त्यांचा आवाज. पुष्पक एक्सप्रेसमध्ये प्रवाशांनी आरडाओरडा केला म्हणूनच दरोडेखोरांपैकी काही जण कसाऱ्याला सापडले. रोजच्या गाडीतील मैत्रिणींचा गट हे तर आमच्या मुलींनी स्वतः घडवलेले कवच आहे. कोण आले, कोण आले नाही, कोण आज गप्प आहे, हे त्यांना घरच्यांच्याही आधी कळते. १९९२ मध्ये चर्चगेट-बोरिवली मार्गावर केवळ स्त्रियांसाठी लोकल सुरू झाली, आणि तशी गाडी पुढे मध्य रेल्वेवरही धावू लागली. रात्री स्त्रियांच्या डब्यात पोलिस असावा, पुलावर दिवे असावेत, रिक्षात चालकाचे नाव-छायाचित्र स्पष्ट दिसावे, गाड्या वाढाव्यात, या मागण्या करणे हेही आपले आयुधच आहे. उत्सवाच्या मंडपाला हजारो दिव्यांची रोषणाई करणाऱ्या मंडळांनी स्थानकापासून वस्तीपर्यंतच्या काळोख्या गल्लीत चार दिवे बारमाही लागतील असे पाहिले, तर ती देवीची खरी आरास होईल. रात्री उशिरा आलेल्या मुलीला दारापर्यंत सोडून ती आत जाईपर्यंत थांबणारे रिक्षाचालकही याच गावांत आहेत. त्यांची नावे वर्तमानपत्रात येत नाहीत; आम्ही त्यांना इथूनच नमस्कार करतो.

सीमोल्लंघन

नऊ दिवसांनी घट उठतात आणि दहाव्या दिवशी आपण सीमोल्लंघनाला निघतो. गावाची शीव ओलांडून जावे, पराक्रम करून यावे आणि घरी आल्यावर आईने ओवाळावे, असा त्या दिवसाचा संकेत आहे. आज आमच्या घराघरांतून हे सीमोल्लंघन लेकी रोजच करतात. खाडी ओलांडून ठाण्यापलीकडे जातात आणि दिवसभर राबून परत येतात.

या नवरात्रात एक साधे व्रत आपण सर्वांनी घ्यावे, अशी आमची प्रार्थना आहे. लेक घरी आली की घड्याळाकडे बोट दाखवू नये. तिला पाणी द्यावे, बसू द्यावे, आणि मग मायेने विचारावे, "बाळ, आजची वाट कशी होती?" ती जे सांगेल ते शेवटपर्यंत ऐकावे. सांगण्यासारखे काही असेल तर दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर पोलिस ठाण्याची पायरी चढायला बापाने किंवा काकाने तयार असावे. आमच्या पुतणीला आम्ही हा प्रश्न विचारायला दोन वर्षे उशीर केला. तिने मोठ्या मनाने क्षमा केली. आता ती सांगते, आम्ही ऐकतो.

नंदादीप नऊ दिवस जपतो त्याच जागरूकतेने एवढे वर्षभर जपले, तर जगदंबा आपल्या घरी खऱ्या अर्थाने नांदेल.